लॅपटॉपातलं वाचनालय

दर्यापुरातली कॉम्प्युटरवरची अर्धीअधिक कामं कोणाच्या तरी लॅपटॉपात असतात. गणेश मंडळाचा हिशोब, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची यादी, एखाद्या बचत गटाच्या कर्जाचं रजिस्टर. ज्या पोराला किंवा पोरीला 'त्यातलं समजते' त्याच्याकडे काम जातं. मग तो लॅपटॉप रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला जातो आणि कामही जातं. हिशोब पाहायचा असेल तर दिवाळीपर्यंत थांबा, किंवा फोन करा आणि समोरचा ऑफिसातून रूमवर पोचेपर्यंत थांबा.

माझ्यासोबत एक वाचनालय जाणार होतं.

हे वाचनालय बनोसा भागात आहे. दर्यापूर-बनोसा हे आता एकच गाव, नगरपालिकाही एक, पण शकुंतला रेल्वेचं स्टेशन बनोसा नावाचं, त्यामुळे ते नाव जुन्या लोकांच्या तोंडात टिकून आहे. महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान. अनुदान किती आणि कधी येतं हे विचारायला गेलात तर ग्रंथपाल आधी चहा मागवतात. आमचे ग्रंथपाल, मी त्यांना काका म्हणते, पगाराच्या नावाने जे घेतात तेवढ्यात माझा पुण्यातला महिन्याचा डबासुद्धा बसत नाही. पण चार हजारांवर पुस्तकं कुठल्या कपाटात कितव्या फळीवर आहेत ते त्यांना पाठ आहे. अडचण एवढीच, की ते फक्त त्यांनाच पाठ आहे. आणि त्यांची साठी उलटली आहे.

एमसीएला असताना प्रोजेक्ट करायचं होतं. भारतातल्या प्रत्येक कॉलेजात दर वर्षी 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम' नावाचं प्रोजेक्ट होतं, सीडीवर जातं, परीक्षक दोन प्रश्न विचारतात, आणि एकाही लायब्ररीत ते चालत नाही. मला तसलं अजून एक लिहायचं नव्हतं. आधीच चांगलं बनवलेलं एक सॉफ्टवेअर फुकट मिळत होतं: कोहा. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ नावाच्या छोट्या भागातल्या वाचनालयांनी ते कातिपो नावाच्या कंपनीकडून बनवून घेतलं. २००० साल लागलं की त्यांची जुनी यंत्रणा तारखेवर अडकणार होती, म्हणून ही धावपळ; जानेवारी २००० मध्ये ते सुरू झालं आणि मग त्यांनी ते जगाला खुलं करून टाकलं. कोहा हा माओरी शब्द आहे, अर्थ भेट. कुठल्या मोठ्या विद्यापीठाची नाही, आपल्यासारख्याच खेड्यापाड्याच्या वाचनालयांची ही गरज होती, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.

कोहा लिनक्सवर चालतं, बहुतेक लोक ते डेबियनवर बसवतात. माझ्या लॅपटॉपवर विंडोज होतं आणि कॉलेजच्या कामासाठी ते राहणं भाग होतं. म्हणून व्हर्च्युअलबॉक्स. ज्यांनी हे कधी वापरलं नाही त्यांच्यासाठी: हा एक प्रोग्राम आहे, तो तुमच्या कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर उभा करतो. त्या आतल्या कॉम्प्युटरला खोटा प्रोसेसर, खोटं नेटवर्क कार्ड आणि खोटी हार्डडिस्क मिळते. हार्डडिस्क म्हणजे प्रत्यक्षात तुमच्या डिस्कवरची एक फाइल. आतल्या डेबियनला मात्र यातलं काही कळत नाही. त्याला वाटतं आपण ४० जीबीच्या खऱ्या डिस्कवर बसलोय. ही कल्पना काही नवी नाही. आयबीएमच्या मोठ्या मशीनवर १९६०च्या दशकातच एका यंत्रात अनेक यंत्रं चालवत. साध्या पीसीवर ते आणलं व्हीएमवेअरने, ती कंपनी १९९८ची. व्हर्च्युअलबॉक्स मूळचं जर्मनीतल्या इनोटेकचं, मग सनकडे गेलं, मग ओरॅकलकडे.

हे मी काकांना समजावून सांगितलं तेव्हाचं बोलणं असं:

"मंग हे दुसरं कॉम्प्युटर कुठीसा हाय?"

"याच्यातच हाय काका. एक फाइल हाय थे."

"फाइल म्हंजे कागदाची?"

"नाई. गाणं कसं राह्यते मोबाइलात, तसं."

काका जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजे आपलं वाचनालय तुह्या मोबाइलातल्या गाण्यासारखं हाय. डिलीट केलं का खतम."

मी हसले, पण ते बरोबर होतं.

चौदा महिने आम्ही दर रविवारी बसलो. दाखल रजिस्टरं सहा. काका वाचायचे, मी टाइप करायची. दाखल क्रमांक, लेखक, नाव, प्रकाशक, साल, किंमत. किमती ऐकून दर वेळी आम्ही थांबायचो: दोन रुपये, सव्वातीन रुपये, कुठे आण्यांतसुद्धा. मराठी साहित्याला ड्यूई पद्धतीत ८९१.४६ हा आकडा आहे. तो इतक्या वेळा टाइप केला की आता तो माझ्या बोटांना पिनकोडसारखा येतो. मधल्या काळात कोणीतरी आधी केलेली एक एक्सेल शीट सापडली, त्यात बाराशे पुस्तकं होती, आम्ही खूश झालो. पण ती जुन्या, युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये होती. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडली की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. कन्व्हर्टर लावून पाहिला, त्याने जोडाक्षरं आणि रफार कुठच्या कुठे नेऊन ठेवले. शेवटी ती बाराशे पुस्तकंही रजिस्टरावरूनच घातली. या कामात मला सगळ्यात जास्त आवडलं ते काकांचं मध्येच थांबणं. "हे पुस्तक गेलं. एक मास्तर घेऊन गेल्ते, बदली झाली त्यायची." मग आम्ही कोहात त्यासमोर 'हरवलं' अशी खूण करायचो आणि काका म्हणायचे, "हरवलं नाई वं, माहीत हाय ना कोनाकडं हाय थे." कोहात त्यासाठी खूण नाही.

मग मला पुण्यात नोकरी लागली. रुजू व्हायला बारा दिवस.

वाचनालयाला एका निवृत्त प्राध्यापकांनी त्यांचा जुना पीसी दिला होता. दुसऱ्या पिढीचा आय थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क, विंडोज सेव्हन. त्यावर व्हर्च्युअलबॉक्स टाकून माझी फाइल तिथे चालवणं हा सगळ्यात सोपा मार्ग. मी तो करून पाहिला. ४ जीबीतले दोन आतल्या मशीनला दिले की बाहेरचं विंडोज गुदमरतं, आणि 'देशमुख' एवढं शोधायला जवळजवळ एक मिनिट. शिवाय काकांना आधी विंडोज चालू करायचं, मग व्हर्च्युअलबॉक्स, मग त्यात डेबियन, मग त्यात ब्राउझर, अशी चार दारं उघडावी लागली असती. बंद करतानाही त्याच क्रमाने उलटं. वीज गेली की चारही एकदम बंद. मी पुण्याला गेल्यावर हे आठवडाभरही चाललं नसतं.

म्हणून ठरवलं की आतल्या मशीनची डिस्क बाहेर काढायची आणि खऱ्या डिस्कवर उतरवायची.

इथे जाणकार विचारतील, की डेटाबेसचा बॅकअप घेऊन नव्या मशीनवर कोहा ताजं का नाही बसवलं? रीतसर तेच. कोहात त्यासाठी कोहा-डंप नावाची सोय आहे, आणि तसा डंप मी काढून दोन पेनड्राइव्हवर ठेवलाही. पण ताजं बसवायचं म्हणजे शेकडो पॅकेजं नेटवरून उतरवायची, आणि वाचनालयात नेट म्हणजे माझ्या फोनचा हॉटस्पॉट. त्याहून मोठी गोष्ट: चौदा महिन्यांत त्या डेबियनमध्ये बारीकसारीक बरंच काही बसवलं होतं. देवनागरी शोध नीट चालावा म्हणून शोधयंत्राची सेटिंग बदललेली, बारकोडच्या लेबलांचं माप आमच्या स्टिकरच्या कागदाला जुळवलेलं, इनस्क्रिप्ट कीबोर्ड, काकांना दिसतील एवढी मोठी अक्षरं, डेस्कटॉपवर 'पुस्तक देणे' आणि 'पुस्तक घेणे' असे दोनच आयकॉन. यातलं काय काय मी कुठे केलं याची यादी कोणाकडेही नसते. राहत्या घराची यादी करून ते दुसरीकडे तसंच उभं करा म्हटल्यासारखं ते झालं असतं. उचलून नेणं बरं.

खऱ्या मशीनवरून व्हर्च्युअलमध्ये जाण्याची रीत जगभर आहे. कंपन्यांनी जुने सर्व्हर असेच गुंडाळून क्लाउडवर नेले, त्यासाठी तयार साधनं आहेत. उलट दिशेने कोणी फारसं जात नाही. ढगातून खाली यायची गरज कोणाला पडते? आम्हाला पडली. आणि अशी गरज पडणारी गावं थोडी नसावीत असं मला वाटतं.

आमच्याकडे खारपाणपट्ट्यात संत्रं होत नाही, पण वरूड-शेंदुरजना घाटाकडचे नातेवाईक असल्याने कलम बांधणं पाहिलेलं. संत्र्याचा डोळा जंबेरीच्या खुंटावर बसवतात. मुळं जंबेरीची, फळ संत्र्याचं. डोळा जिवंत असला आणि खुंट जुळला की झाड धरतं. डिस्क उतरवण्याचं काम साधारण तसंच आहे: प्रत करणं हा त्यातला सोपा भाग, खुंटाला धरणं हा अवघड. विंडोजच्या बाबतीत ते बऱ्याचदा धरतच नाही. विंडोज ज्या मशीनवर बसवलं तिथल्या डिस्कच्या कंट्रोलरची सवय लावून घेतं. दुसऱ्या मशीनवर नेलं की निळा पडदा आणि त्यावर शून्य-एक्स-सात-बी हा कुप्रसिद्ध क्रमांक, अर्थ असा की ज्या डिस्कवरून सुरू व्हायचं तीच दिसत नाही. लिनक्स बरंचसं हार्डवेअर दर वेळी सुरू होताना नव्याने शोधतं. आणि डेबियन सुरुवातीला लागणाऱ्या ड्रायव्हरांचं जे गाठोडं बांधतं, त्यात नेहमीच्या सेटिंगमध्ये जवळपास सगळे ड्रायव्हर भरलेले असतात, फक्त त्या मशीनचेच नाही. याच भरवशावर मी हे काम अंगावर घेतलं.

दुसरी अट खुंटाची. मशीन सुरू होण्याच्या दोन पद्धती आहेत, जुनी बायोस आणि नवी यूईएफआय, आणि एकीवर बसवलेलं दुसरीवर आपोआप सुरू होत नाही. मूर्तिजापूरला मुंबई-हावडा ब्रॉडगेज आणि आमची शकुंतलेची अडीच फुटी नॅरोगेज शेजारी शेजारी असत. शकुंतला १९९४ पर्यंत वाफेवर चालली, आता काही वर्षांपासून उभीच आहे. पण चालत होती तेव्हाही तिचा डबा उचलून मोठ्या रुळांवर ठेवता येत नसे, माल उतरवून दुसऱ्या गाडीत भरावा लागे. माझं नशीब असं, की व्हर्च्युअलबॉक्स नव्या मशीनला सहसा बायोसच देतं, आणि प्राध्यापकांचा पीसीही त्याच जुन्या पद्धतीवर चाललेला. एकच गेज.

पूर्ण डिस्क उतरवली असती तर काम अजून सोपं होतं, पण विंडोज घालवायचं नव्हतं. काकांची जिल्ह्याला जाणारी सगळी पत्रं, वार्षिक अहवाल, अनुदानाचे तक्ते त्या विंडोजवरच्या जुन्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये. अकरा वर्षांची पत्रं. ती आधी पेनड्राइव्हवर घेतली. मग ठरलं की विंडोजच्या डी ड्राइव्हमधून ६० जीबी मोकळे करायचे, तिथे नवीन पार्टिशन करायचं आणि आतल्या मशीनचं फक्त मुख्य पार्टिशन, साधारण ३८ जीबीचं, त्यावर ओतायचं. नवी जागा जुनीपेक्षा लहान असून चालत नाही, मोठी चालते. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर मुख्य पार्टिशन फक्त चार करता येतात. विंडोजने तीन घेतली होती, चौथी जागा शिल्लक होती.

घरी रात्री पहिला टप्पा. व्हर्च्युअल डिस्कची फाइल दिसायला ९ जीबीचीच होती, कारण ती गरजेप्रमाणे फुगते. आत ४० जीबी आहेत असं फक्त आतल्याला सांगितलेलं असतं. तिला साध्या कच्च्या रूपात बदललं की ती खरोखर ४० जीबी होते, रिकामी जागासुद्धा शून्यांनी भरून लिहिली जाते. व्हर्च्युअलबॉक्समध्येच त्यासाठी आज्ञा आहे. माझ्या लॅपटॉपात एवढी जागा नव्हती म्हणून भावाची एक्सटर्नल डिस्क घेतली. त्यातले त्याचे पिक्चर हलवायला जो वेळ गेला तो या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात कटकटीचा वेळ होता, त्याबद्दल लिहीत नाही.

वाचनालयात मे महिना, दुपारी पंखा गरम हवा फिरवतोय, आणि वीज येते-जाते. यूपीएसची बॅटरी केव्हाच मेलेली. मला भीती एकाच गोष्टीची होती, विंडोजचं पार्टिशन लहान करण्याची. त्या वेळी डिस्कवरची माहिती खरोखर इकडून तिकडे हलते आणि मध्येच वीज गेली तर जुनंही जातं आणि नवंही होत नाही. म्हणून शेजारच्या झेरॉक्सवाल्या दादांच्या इन्व्हर्टरवरून वायर ओढली. दादांनी विचारलं किती वेळ, मी म्हटलं अर्धा तास, ते म्हणाले, "घे, पण झेरॉक्सचं गिऱ्हाईक आलं तर मंग पायजो." गिऱ्हाईक आलं नाही. पार्टिशन दहा मिनिटांत लहान झालं.

मग पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं. डिस्कचा पहिला सेक्टर, ५१२ बाइट, एका फाइलमध्ये ठेवून दिला. सुरू होण्याचा कोड तिथे असतो, बिघडलं तर परत टाकता येतो. कच्ची फाइल लूप डिव्हाइस म्हणून जोडली की लिनक्स तिला डिस्क समजतं आणि आतली पार्टिशनं वेगळी दाखवतं. इथे मला दर वेळी गंमत वाटते. जी डिस्क कधीच नव्हती तिची पार्टिशनं, खऱ्या डिस्कच्या पार्टिशनांच्या शेजारी, एकाच यादीत, सारख्याच अक्षरात.

आता डीडी. ही १९७०च्या दशकातली युनिक्सची आज्ञा, हिला फाइल वगैरे काही समजत नाही. इथून बाइट उचल, तिथे टाक, बस. 'इथून'ला आयएफ म्हणतात आणि 'तिथे'ला ओएफ, आणि दोन्हींची अदलाबदल झाली तर रिकामं पार्टिशन तुमच्या चौदा महिन्यांवर लिहिलं जातं. ती कधी विचारत नाही की नक्की का. मी आज्ञा टाइप केली, वाचली, काकांना वाचायला लावली. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण दाखल रजिस्टरातल्या नोंदी एकाने वाचायच्या आणि दुसऱ्याने ताडून पाहायच्या ही त्यांचीच रीत. कागदावर मी दोन नावं लिहून दिली, त्यांनी स्क्रीनवर ती बोट ठेवून ताडली. "बरोबर हाय. दाब."

आकडे वाढायला लागले. आठ जीबी. पंधरा. काका खुर्ची ओढून बसले. कोणी पेपर वाचायला आलं तर त्याला हळू आवाजात सांगायचे, "काम चालू हाय." एकतीस जीबीला वीज गेली. त्या वेळी इन्व्हर्टरची वायर आम्ही परत केलेली होती.

स्क्रीन काळा. पंखा थांबला. काका उभे राहिले आणि त्यांचा चेहरा मी विसरणार नाही.

"गेलं काय वं बंदं?"

"काईच नाई गेलं काका."

"एवढं हलवलं ना पन आपन, अर्धं इकडं अर्धं तिकडं झालं असन."

"हलवलं नाई. नक्कल करून रायलो. मूळ हे पाहा, या डिस्कमंधी जसंच्या तसं हाय. नकलेचा कागद फाटला, दुसरा घ्याचा."

मला वाटतं कॉम्प्युटरवर भरवसा नसणाऱ्या माणसांची खरी अडचण ही असते. वस्तू एका जागेवरून दुसऱ्या जागी गेली की पहिल्या जागी राहत नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. ग्रंथपालाचा तर सगळा धंदाच त्यावर. पुस्तक गेलं म्हणजे फळीवर भोक पडतं. प्रत केल्याने मूळ कमी होत नाही हे सांगून पटत नाही, वीज गेल्यावर पटतं. तासाभराने वीज आली, आम्ही नव्या पार्टिशनवर पुन्हा पहिल्यापासून ओतलं, साधारण चोवीस मिनिटं लागली. मग मूळ आणि नक्कल बाइटला बाइट ताडून घेतली, तेवढाच वेळ अजून. काकांना हा दुसरा भाग पहिल्यापेक्षा जास्त आवडला.

पुढचं पटकन सांगते. नव्या पार्टिशनची तपासणी करून ते ३८ वरून ६० जीबीपर्यंत ताणलं. त्याच्या आत शिरून ग्रब बसवलं, म्हणजे मशीन सुरू झालं की 'वाचनालय' आणि 'विंडोज' असे दोन पर्याय दिसतील. नव्या ग्रबमध्ये दुसऱ्या सिस्टीम शोधण्याची सोय बंद ठेवलेली असते, ती एक ओळ घालून चालू करावी लागते. पार्टिशनचा ओळख क्रमांक, यूयूआयडी, बाइटबरोबरच येतो, त्यामुळे मुख्य पार्टिशनची नोंद बदलावी लागली नाही. पण स्वॅपचं पार्टिशन आम्ही आणलं नव्हतं आणि त्याची जुनी नोंद ठेवली तर डेबियन दर वेळी सुरू होताना दीड मिनिट त्या नसलेल्या स्वॅपची वाट पाहत बसतं. ती काढली, स्वॅपसाठी साधी फाइल केली. नेटवर्क कार्डाचं नाव बदललं, कारण ते नाव म्हणजे कार्ड कुठल्या खोबणीत आहे त्याचा पत्ता असतो आणि पत्ता आता दुसरा होता.

पेनड्राइव्ह काढून मशीन सुरू केलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी पळाल्या, मग डेस्कटॉप, मग ते दोन आयकॉन. काकांनी 'पुस्तक देणे' दाबलं. 'देशमुख' शोधायला दोन सेकंदसुद्धा लागले नाहीत. काका म्हणाले, "लय बेस." आणि बाहेर जाऊन दादांना बोलावून आणलं, इन्व्हर्टरचे आभार म्हणून त्यांना 'देशमुख' शोधून दाखवलं.

खरी गंमत तिसऱ्या संध्याकाळी झाली. वाचनालय संध्याकाळी पाच ते आठ उघडं असतं. काकांचा फोन आला, "आज सोमवार हाय का मंगळवार?" मी म्हटलं सोमवार. "मंग हे मंगळवार काऊन दाखवून रायलं? अन् सहा वाजता दिलेली पुस्तकं सोमवारचीच हायेत, सातची मंगळवारची." मला पाच मिनिटं काही सुचलं नाही, मग एकदम उलगडलं. मशीनच्या आत बॅटरीवरचं एक घड्याळ असतं. विंडोज त्यात भारतातली वेळ लिहितं. लिनक्स ते घड्याळ ग्रीनिचच्या वेळेचं समजतं आणि त्यात आपले साडेपाच तास मिळवतं. दुपारी काकांनी पत्र टाइप करायला विंडोज चालू केलं होतं, संध्याकाळी वाचनालय. नेट असतं तर डेबियनने वेळ स्वतः सुधारली असती, पण नेट नव्हतं. त्यामुळे बनोशात संध्याकाळचे साडेसहा वाजले की आमच्या वाचनालयात मध्यरात्र होत होती, आणि त्यानंतर पुस्तक नेणाऱ्याची तारीख दुसऱ्या दिवसाची पडत होती. व्हर्च्युअल मशीनला घड्याळ लॅपटॉपकडून मिळायचं, म्हणून चौदा महिन्यांत हे कधी दिसलं नाही. घड्याळ स्थानिक वेळेचं समजावं अशी एक आज्ञा आहे, ती देऊन प्रश्न मिटला. पण काकांना तो प्रश्न इतका आवडला की आता येईल त्याला सांगतात, आपल्या वाचनालयात तीन दिवस साडेसहाला रात्रीचे बारा वाजत होते.

जायच्या आधी मी चार पानं हाताने लिहून दिली. दर शनिवारी कुठला पेनड्राइव्ह लावायचा, कुठला आयकॉन दाबायचा, दाबल्यावर काय दिसलं पाहिजे. कोहा-डंप त्या आयकॉनमागे आहे. पेनड्राइव्ह दोन, एक वाचनालयात, एक काकांच्या घरी, दर आठवड्याला अदलाबदल. पाचवं पान काकांनी स्वतः जोडलं, त्यावर माझा नंबर आणि झेरॉक्सवाल्या दादांचा नंबर.

व्हर्च्युअल मशीनची मूळ फाइल अजून माझ्या लॅपटॉपात आहे. पुण्याला येऊन दोन महिने झाल्यावर एकदा उघडून पाहिली. उतरवलं त्या दिवशी दोन्ही वाचनालयं बाइटला बाइट सारखी होती, ओळख क्रमांकसुद्धा एकच. आता एकात रोज पुस्तकं जातात, येतात, नवी दाखल होतात. दुसऱ्यात मे महिन्यातल्या त्या दिवशी ज्यांच्याकडे जी पुस्तकं होती ती अजून त्यांच्याकडेच आहेत आणि कोहा त्यांच्यावर इमानेइतबारे दंड चढवतंय. त्यात एका शाळकरी पोराच्या नावावर शिवाजीमहाराजांवरचं एक जाड पुस्तक आहे. खऱ्या वाचनालयात ते परत आलं का, हे माझ्याकडच्या वाचनालयाला कधीच कळणार नाही. ती फाइल काढून टाकली तर ९ जीबी मोकळे होतील. नव्या ऑफिसच्या कामाला जागा लागतेच आहे.

परवा काकांचा फोन आला होता. बारकोडच्या स्टिकरांचा रोल संपत आलाय, मूर्तिजापूरले भेटन का अमरावतीलेच जा लागन, असं विचारत होते. मी म्हटलं अमरावती. आणि त्या जाड पुस्तकाचं विचारलं. "आणून देल्लं ना त्यानं," काका म्हणाले, "शेवटची चार पानं फाटली हायेत पन."

कोहात त्यासाठी खूण आहे. ती कुठे असते ते मी सांगितलं.